सिग्विन : दोन कार्यप्रणालींमधील मध्यस्थाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाचा प्रोग्राम हा एका अर्थी लिखित मजकूरच होय. सी भाषेत लिहिलेला मजकूर कंपायलरच्या साहाय्याने यंत्रभाषेत उतरविला जातो आणि मग तो यंत्रावर चालतो. एवढ्यावरून असे अनुमान काढण्याचा मोह होतो की, यंत्र तेच असेल आणि त्यावर सी भाषेचा कंपायलर उपलब्ध असेल, तर लिनक्ससाठी लिहिलेला कोणताही प्रोग्राम विंडोजवर तयार करण्यास अडचण पडू नये. प्रत्यक्षातील अनुभव ह्याच्या उलट आहे. भाषा तीच, यंत्रही तेच, आणि तरीही मजकूर परका ठरतो. ह्याचे कारण असे की, प्रोग्राम केवळ भाषेत लिहिलेला नसतो. तो एका विशिष्ट व्यवहाराला गृहीत धरून लिहिलेला असतो. मोडीतील एखादे जुने पत्र बाळबोधीत अचूक उतरविले, तरी त्यातील वतन, सरंजाम, मोकासा ह्या शब्दांमागची व्यवस्था ज्यास ठाऊक नाही त्यास पत्राचा अर्थ लागत नाही. लिपी बदलली म्हणजे संदर्भ बदलला असे होत नाही. प्रोग्रामचीही स्थिती अशीच आहे. फाइल कशी उघडावी, नवी प्रोसेस कशी निर्माण करावी, चालू प्रोसेसला बाहेरून इशारा कसा द्यावा, ह्या सर्व बाबतींत तो आपल्या कार्यप्रणालीकडून ठरावीक नावांच्या व ठरावीक अर्थांच्या सेवांची अपेक्षा करतो. त्या सेवा जेथे नाहीत तेथे शुद्ध मजकूरही निरुपयोगी ठरतो.

लिनक्ससाठी लिहिलेले प्रोग्राम विंडोजवर तयार करता यावेत म्हणून १९९५ पासून जे प्रयत्न झाले, त्यांत सिग्विन ह्या प्रकल्पाचे स्थान मध्यवर्ती आहे. परंतु त्याच्याविषयी दोन समजुती रूढ झाल्या आहेत. सिग्विन म्हणजे विंडोजवर लिनक्सचे प्रोग्राम चालविण्याचे साधन, ही पहिली समजूत. २०१६ नंतर मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिनक्ससाठी सोय केल्यामुळे सिग्विन कालबाह्य झाले, ही दुसरी. ह्या दोन्ही समजुती एकाच गैरसमजातून निघाल्या आहेत. सिग्विनने नेमके काय केले आणि काय केले नाही, हे त्याच्या घडणीच्या क्रमातून पाहिल्यास हा गैरसमज दूर होण्यास मदत होईल.

२. पूर्वपीठिका

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन टॉम्पसन व डेनिस रिची हे त्याचे प्रमुख कर्ते. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा, म्हणजेच कर्नल, सी भाषेत नव्याने लिहिला गेला. ह्या घटनेचे महत्त्व असे की, तोपर्यंत कार्यप्रणाली ही एका विशिष्ट यंत्राशी जखडलेली असे. ती आता एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागली. परंतु ह्या स्थलांतराबरोबर भेदही वाढले. १९८० नंतरच्या दशकात निरनिराळ्या उत्पादकांची युनिक्से एकमेकांपासून इतकी दूर गेली की, एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर नेताना ठायी ठायी डागडुजी करावी लागे. बोलींची संख्या वाढली म्हणजे प्रमाणभाषेची निकड भासू लागते. त्या न्यायाने १९८८ मध्ये पॉझिक्स हे मानक सिद्ध झाले. कार्यप्रणालीने प्रोग्रामांना कोणत्या सेवा कोणत्या नावाने व कोणत्या अर्थाने द्याव्यात, ह्याचा तो लिखित करार होता.

ह्याच काळात रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आकारास येत होता. त्याचा कंपायलर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स ह्यांनी लिनक्स कर्नलचा आरंभ केला आणि ग्नूच्या साधनांना त्यांचा स्वतंत्र आधार मिळाला. आज ज्यांना लिनक्सचे प्रोग्राम म्हटले जाते, त्यांपैकी बहुतेक प्रोग्राम वस्तुतः ह्या तिहेरी वारशाचे आहेत : युनिक्सची परंपरा, पॉझिक्सचा करार आणि ग्नूची साधने.

विंडोजची परंपरा वेगळी. १९९३ मध्ये विंडोज एनटी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात विन३२ ह्या मुख्य सेवासंचाबरोबर पॉझिक्सची एक उपप्रणालीही होती. अमेरिकी शासनाच्या काही खरेदींसाठी पॉझिक्सशी सुसंगत असणे ही अट होती आणि ती अट ह्या उपप्रणालीमुळे पूर्ण होत असे. तथापि तिच्यात मानकाचा केवळ मूळ भाग होता. तिच्यातील प्रोग्रामला नेटवर्क वापरता येत नसे, खिडकी उघडता येत नसे, आणि विन३२ च्या सेवांना हाक मारता येत नसे. कराराचे अक्षर पाळले गेले होते, पण ज्यांच्यासाठी करार करावयाचा त्यांना तेथे राहता येईल अशी व्यवस्था नव्हती. विंडोज २००० नंतर ही उपप्रणाली वगळण्यात आली. मानक पाळणे आणि मानकावर विसंबणाऱ्यांस निवारा देणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढा धडा मात्र तिच्या अपयशातून मिळतो.

३. उगम

सिग्नस सोल्यूशन्स ही कंपनी १९८९ मध्ये जॉन गिलमोर, मायकेल टीमन व डेव्हिड हेंकेल-वॉलेस ह्यांनी स्थापन केली. मुक्त सॉफ्टवेअरला पैसे घेऊन साहाय्य पुरवावयाचे, हा तिचा व्यवसाय. ग्नूचा कंपायलर निरनिराळ्या यंत्रांसाठी जुळवून देणे हे तिच्या कामाचे मुख्य अंग होते. १९९५ मध्ये ह्या कंपनीतील अभियंते स्टीव्ह चेंबरलेन ह्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. विंडोज एनटी व विंडोज ९५ ह्यांत कंपाइल केलेल्या फाइलींसाठी कॉफ नावाची जी रचना वापरली जात होती, ती ग्नूच्या साधनांना परिचित होती. इंटेलच्या प्रोसेसरसाठी यंत्रभाषा निर्माण करण्याचे काम ती साधने आधीपासून करीतच होती. न्यूलिब ही सी भाषेची लहानशी लायब्ररीही कंपनीजवळ होती. तेव्हा विंडोजसाठी प्रोग्राम तयार करणारा ग्नू कंपायलर घडविणे फारसे अवघड नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला व त्याप्रमाणे एक नमुनाही सिद्ध केला.

प्रथम हा कंपायलर युनिक्सवर बसून विंडोजसाठी प्रोग्राम तयार करीत असे. पुढची पायरी म्हणजे तो कंपायलर स्वतःच विंडोजवर चालविणे. येथे मोठी अडचण उभी राहिली. ग्नूची साधने तयार करण्यापूर्वी 'कॉन्फिगर' नावाची एक लिपिबद्ध आज्ञामाला चालवावी लागते. ती भोवतालच्या प्रणालीची तपासणी करते : अमुक फंक्शन आहे किंवा नाही, तमुक प्रकाराची लांबी किती. ही आज्ञामाला बोर्न शेलच्या भाषेत लिहिलेली असते. म्हणजे शेल हवे. शेल चालावयाचे तर त्याला दर पावलागणिक नवी प्रोसेस निर्माण करणारी 'फोर्क' ही युनिक्सची सेवा हवी. फोर्क विन३२ मध्ये नव्हती. अशा रीतीने कंपायलर नेण्यासाठी निघालेल्या माणसाला वाटेत सबंध युनिक्सची गरज पडली.

ह्यावर दोन उपाय संभवत होते. प्रत्येक साधनाच्या मजकुरात विंडोजसाठी वेगळ्या तरतुदी घालावयाच्या, हा पहिला. परंतु अशा तरतुदींनी मजकूर दुभंगतो, आणि मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की सर्व काम पुन्हा करावे लागते. दुसरा उपाय असा की, मजकुराला हात न लावता तो ज्या सेवांची अपेक्षा करतो त्या सर्व सेवा पुरविणारी एक लायब्ररी विंडोजवर उभी करावयाची. प्रोग्राम युनिक्सच्या नावाने हाक मारील. लायब्ररी ती ऐकून विन३२ च्या सेवांकरवी काम करून देईल आणि उत्तर युनिक्सच्या रीतीने परत करील. सिग्नसने दुसरा मार्ग स्वीकारला. हाच सिग्विनचा उगम होय. मध्यस्थ स्तर हे मूळचे उद्दिष्ट नव्हते. कंपायलरच्या प्रवासासाठी बांधलेला तो पूल होता. पुढे प्रवासी बाजूला राहिला आणि पुलाचेच नाव झाले.

आरंभी ह्या प्रकल्पाचे नाव ग्नू-विन३२ असे होते. नंतर ते सिग्विन३२ झाले आणि अखेर आकडा गळून नुसते सिग्विन उरले. ऑगस्ट १९९८ मध्ये विंडोज एनटीविषयक दुसऱ्या यूझनिक्स परिसंवादात जेफ्री नोअर ह्यांनी ह्या लायब्ररीचे शास्त्रीय वर्णन सादर केले. डॉससाठी ग्नूचा कंपायलर नेऊन ज्यांनी पूर्वी नाव मिळविले होते ते डी. जे. डेलोरी हेही पुढे ह्या कामात सामील झाले. नोव्हेंबर १९९९ मध्ये रेड हॅटने सिग्नस विकत घेत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर ख्रिस्तोफर फेलर व कोरिना विन्शेन ह्यांनी प्रकल्पाची धुरा दीर्घकाळ वाहिली.

येथे पहिल्या समजुतीचे निरसन होते. लिनक्सवर तयार झालेली प्रोग्रामची फाइल सिग्विनवर नेऊन ठेवली तर ती चालत नाही. सिग्विनसाठी मूळ मजकूर हाती असावा लागतो, तो विंडोजवर पुन्हा कंपाइल करावा लागतो, आणि ह्या कृतीतून जे निष्पन्न होते तो विंडोजचाच प्रोग्राम असतो. तो चालताना सिग्विनची लायब्ररी आपल्या शेजारी बाळगतो, इतकेच. सिग्विन सिद्ध झालेले भाषण उलटवून सांगत नाही. ते मूळ संहितेला दुसऱ्या भूमीत नवा जन्म देते.

४. फोर्कचा द्राविडी प्राणायाम

कोणत्याही भाषांतरात काही शब्द सहज उतरतात आणि काहींपाशी भाषांतरकाराची कसोटी लागते. सिग्विनमध्ये हे कसोटीचे स्थान फोर्कचे आहे.

युनिक्समध्ये नवी प्रोसेस शून्यातून निर्माण होत नाही. चालू प्रोसेस फोर्कला हाक मारते आणि त्या क्षणी तिची हुबेहूब प्रतिकृती तयार होते. जन्मदात्री व अपत्य ह्या दोन्ही प्रोसेसांची स्मृती एकसारखी, उघडलेल्या फाइली एकसारख्या, आणि पुढची आज्ञाही एकच. फरक एवढाच की, हाकेचे उत्तर म्हणून जन्मदात्रीला अपत्याचा क्रमांक मिळतो आणि अपत्याला शून्य मिळते. ह्या उत्तरावरून प्रत्येकीला आपली ओळख पटते. कर्नल ही प्रतिकृती मोठ्या काटकसरीने करतो : स्मृती लगेच उतरवून न घेता दोघींना तीच दाखवितो, आणि एखादी लिहू लागली म्हणजेच तेवढ्या पानाची प्रत करतो.

विन३२ ची कल्पना ह्याहून मुळातच वेगळी आहे. तेथे नवी प्रोसेस म्हणजे एखाद्या प्रोग्रामच्या फाइलीपासून केलेला नवा आरंभ. विंडोज एनटीच्या गाभ्यात प्रतिकृतीची सोय होती व पॉझिक्स उपप्रणाली तिचा उपयोग करीत असे. परंतु सामान्य प्रोग्रामांसाठी असलेल्या विन३२ ह्या दर्शनी स्तरात ती खुली केलेली नव्हती. सिग्विनला तर विंडोज ९५ वरही चालावयाचे होते. म्हणून सिग्विनने जो मार्ग काढला तो असा : जन्मदात्री आपली त्या क्षणीची स्थिती नोंदवून ठेवते आणि त्याच प्रोग्रामच्या फाइलीपासून एक नवी प्रोसेस निर्माण करून तिला थांबवून धरते. मग ती आपली चल माहिती व आपला स्टॅक तिच्या स्मृतीत स्वतः उतरविते. उतरवून झाल्यावर अपत्याला जागे केले जाते, आणि ते नोंदविलेल्या स्थळी उडी घेऊन, जणू काही आपण आताच फोर्कमधून परतलो अशा थाटात, पुढे चालू लागते.

ह्या द्राविडी प्राणायामाची एक अट अशी की, स्मृतीतील प्रत्येक वस्तू अपत्यामध्ये अगदी त्याच पत्त्यावर असली पाहिजे. प्रोग्रामच्या माहितीत ठिकठिकाणी पत्ते साठविलेले असतात. घर हलले आणि पत्ता जुनाच राहिला तर सारा व्यवहार कोलमडतो. विंडोजमध्ये मात्र एखादी लायब्ररी दरवेळी त्याच पत्त्यावर बसेल अशी शाश्वती नसते. सुरक्षिततेसाठी पत्ते मुद्दाम विस्कटण्याची पद्धत विंडोज व्हिस्टापासून आली आणि ही अडचण अधिक तीव्र झाली. लायब्ररींना परस्परांशी न भिडणारे पत्ते आगाऊ नेमून देण्याचा 'रीबेस' नावाचा विधी सिग्विनच्या वापरकर्त्यांना म्हणूनच करावा लागला.

दुसरी किंमत वेळेची. युनिक्सवर फोर्क इतकी स्वस्त की, शेलच्या लेखकांनी ती पाण्यासारखी वापरली. एकेका 'कॉन्फिगर' आज्ञामालेतून शेकडो लहान प्रोसेसा जन्मतात व मावळतात. सिग्विनवर त्या प्रत्येकीमागे वर सांगितलेला सर्व विधी होतो. त्यामुळे लिनक्सवर अल्पावधीत पुरी होणारी तपासणी सिग्विनवर रेंगाळते. हा दोष कर्त्यांच्या अकौशल्याचा नव्हे. एका प्रणालीतील सहज वाक्प्रचार दुसरीत आडवळणानेच सांगावा लागतो, हे त्याचे कारण होय. ज्यांनी प्रोसेस व इशारे ह्यांचे ज्ञान केवळ लिनक्सवर मिळविले त्यांना फोर्क ही निसर्गसिद्ध गोष्ट वाटते. ती एका प्रणालीची निवड होती, हे सिग्विनच्या धापा टाकण्यावरून कळून येते.

५. फाइली, ओळी व नावे

फाइलींच्या प्रांतात भेद लहान लहान आहेत, परंतु ते पदोपदी आड येतात. युनिक्समध्ये सर्व फाइली एका मुळापासून फुटलेल्या वृक्षासारख्या असतात. विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र अक्षर असते. सिग्विनने ही अक्षरे 'सिगड्राइव्ह' नावाच्या एका फांदीखाली आणून बसविली. युनिक्समध्ये मोठे व लहान रोमन अक्षर भिन्न मानले जाते. विंडोजमध्ये नावापुरता तो भेद सामान्यतः मानला जात नाही. युनिक्समध्ये एका फाइलीकडे बोट दाखविणारी प्रतीकात्मक जोडणी असते. ती सिग्विनने विंडोजच्या साध्या फाइलीत विशिष्ट खूण घालून साधली. ओळ संपल्याची खूण युनिक्समध्ये एका चिन्हाने होते. विंडोजमध्ये डॉसच्या वारशाने दोन चिन्हे लागतात, आणि हे दुहेरी लेखन मूळ टेलिप्रिंटरच्या काळातील आहे. गाडी ओळीच्या आरंभी आणणे व कागद एक ओळ वर सरकविणे ह्या तेव्हाच्या दोन स्वतंत्र क्रिया होत्या. यंत्र गेले, पण त्याच्या हालचाली फाइलींत गोठून राहिल्या. ह्या एका अदृश्य चिन्हापायी शेलच्या आज्ञामाला बिघडतात, आणि नवशिक्या वापरकर्त्याला दोष कोठे आहे हे डोळ्यांनी दिसत नाही.

नावांचा प्रश्न मराठी अभ्यासकांस अधिक जवळचा आहे. सिग्विनच्या १.५ पर्यंतच्या आवृत्त्या फाइलींची नावे विंडोजच्या जुन्या, एकेका प्रदेशासाठी नेमलेल्या वर्णसंचांतून वाचीत असत. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असा जुना वर्णसंच नेमलेलाच नव्हता. भारतीय लिप्यांची सोय विंडोज २००० पासून केवळ युनिकोडद्वारा झाली. परिणामी विंडोजवर देवनागरी नावाची फाइल असू शकत होती, परंतु सिग्विनचा प्रोग्राम तिचे नाव उच्चारू शकत नव्हता. ज्याचे नाव घेता येत नाही त्याला हाक मारता येत नाही, आणि हाक मारता येत नाही ते प्रोग्रामच्या दृष्टीने नसल्यातच जमा. डिसेंबर २००९ मध्ये १.७ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि ही स्थिती पालटली. विंडोज ९५, ९८ व एमई ह्यांचा आधार तिने सोडून दिला आणि विंडोजच्या युनिकोड सेवा वापरून प्रोग्रामांना नावे यूटीएफ-८ मध्ये देण्यास आरंभ केला. जुन्या यंत्रांना निरोप दिल्याखेरीज नव्या लिप्यांना दार उघडता आले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ह्याच आवृत्तीत आणखी एक युक्ती आढळते. प्रश्नचिन्ह, तारका, विसर्गसदृश दुहेरी टिंब अशी काही चिन्हे युनिक्सवर फाइलीच्या नावात चालतात, विंडोजवर वर्ज्य असतात. सिग्विन ती चिन्हे युनिकोडच्या खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या विभागात हलवून नाव लिहिते आणि वाचताना पुन्हा मूळ चिन्हे दाखविते. विंडोजच्या दृष्टीने नाव निर्दोष असते. सिग्विनच्या दृष्टीने ते मूळचेच असते.

शब्द एकच आणि अर्थ दोन, अशीही उदाहरणे आहेत. सी भाषेतील 'लाँग' ह्या संख्याप्रकाराची लांबी ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिट असते. ६४ बिटांच्या विंडोजवर ती ३२ बिटच राहिली. २०१३ मध्ये सिग्विनची ६४ बिटांची आवृत्ती निघाली तेव्हा तिने लिनक्सचा अर्थ स्वीकारला. त्यामुळे लिनक्सचा मजकूर बिनचूक उतरतो. परंतु त्याच प्रोग्रामने विंडोजच्या सेवेला थेट हाक मारावयाची झाल्यास ह्या शब्दाचा अर्थ सीमेवर बदलतो, हे लेखकाला स्मरणात ठेवावे लागते.

६. परवान्याचा प्रश्न

मध्यस्थाचे मोल केवळ तांत्रिक नसते. सिग्विनने तयार झालेला प्रत्येक प्रोग्राम त्याच्या लायब्ररीला जोडलेला असतो, आणि ही लायब्ररी दीर्घकाळ ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली होती. मूळ मजकूर खुला ठेवणाऱ्या लेखकांसाठी खास सवलत होती. ज्यांना आपला मजकूर गुप्त ठेवावयाचा होता त्यांना मात्र वेगळा व्यापारी परवाना विकत घ्यावा लागे. म्हणजे पुलावरून जाणे सर्वांस खुले, पण माल झाकून नेणाऱ्यास जकात, अशी ती व्यवस्था होती.

१९९८ मध्ये कॉलिन पीटर्स ह्यांनी मिंगडब्ल्यू हा निराळा पंथ काढला. त्याची भूमिका अशी की, ग्नूचा कंपायलर घ्यावा, मात्र युनिक्सचा आभास निर्माण करणारी लायब्ररी घेऊ नये. प्रोग्रामने विंडोजच्या सेवांशी विंडोजच्याच भाषेत बोलावे. ह्यामुळे प्रोग्राम वेगवान व स्वतंत्र होतात आणि परवान्याचे बंधनही उरत नाही. परंतु मूळ मजकुरात जेथे जेथे फोर्कसारख्या सेवा असतील तेथे तो हाताने बदलावा लागतो. सिग्विनने लेखकाचे श्रम वाचविले व यंत्राचे वाढविले. मिंगडब्ल्यूने यंत्राचे वाचविले व लेखकाचे वाढविले. श्रम नाहीसे झाले नाहीत, त्यांचे स्थान तेवढे बदलले.

ह्या पंथभेदाचा उत्तरार्ध मनोरंजक आहे. मिंगडब्ल्यूचे प्रोग्राम तयार करण्यासाठीही 'कॉन्फिगर' आज्ञामाला चालवाव्या लागतच होत्या, आणि त्यांसाठी शेल व फोर्क हवेच होते. तेव्हा सिग्विनच्याच एका जुन्या आवृत्तीपासून एमसिस नावाची शाखा काढण्यात आली. जे मध्यस्थाला नाकारून निघाले त्यांना कारखान्याच्या आत मध्यस्थ ठेवावाच लागला. विक्रीस जाणाऱ्या मालावर मात्र त्याची छाप राहिली नाही. एमसिसची दुसरी पिढी २०१३ च्या सुमारास पुन्हा नव्या सिग्विनच्या आधारे उभी राहिली, आणि विंडोजसाठीच्या गिटचे वितरण पुढे तिच्यावर आधारले गेले. २०१६ मध्ये सिग्विनच्या लायब्ररीचा परवानाही सैल करण्यात आला. मूळ वादाचे एक कारण त्यामुळे संपले. पंथ मात्र दोन्ही राहिले.

७. कर्नलच्या वेशीवर

सिग्विनने सर्व काम प्रोग्रामच्या शेजारी बसून केले. विंडोजच्या गाभ्याला त्याने हात लावला नाही, आणि बाहेरच्या माणसाला तसा हात लावता येणेही शक्य नव्हते. ज्यांना तो अधिकार होता त्यांनी वेगळे मार्ग अनुसरले.

सॉफ्टवे सिस्टिम्स ह्या कंपनीने इंटेरिक्स ही पॉझिक्सची परिपूर्ण उपप्रणाली एनटीच्या गाभ्यावर बांधली होती. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. २००४ मध्ये इंटेरिक्ससह युनिक्स-सेवांचा संच विनामूल्य देण्यात आला. ह्या उपप्रणालीत फोर्क अधिक सरळपणे होत असे. परंतु तीही टिकली नाही. २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये तिला स्थान उरले नाही. मालकाने बांधलेला पूल मालकाच्या मर्जीवर उभा असतो, एवढेच ह्यावरून दिसते.

मार्च २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील लिनक्स उपप्रणाली जाहीर केली व त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये ती वापरकर्त्यांच्या हाती आली. हिची पद्धत सिग्विनहून मूलतः भिन्न होती. येथे मूळ मजकुराची गरज नव्हती. लिनक्सवर तयार झालेली फाइल जशीच्या तशी चालविली जाई, आणि तिने कर्नलला मारलेली प्रत्येक हाक विंडोजच्या गाभ्यातील एक घटक झेलून तिचे उत्तर देई. सिग्विनने संहितेचे भाषांतर केले होते. येथे चालू भाषणाचा दुभाषा उभा केला होता. परंतु लिनक्सच्या हाका अनेक, त्यांचे बारकावे त्याहून अनेक, आणि त्यांत सतत भर पडत असते. काही हाकांना उत्तर मिळेना, आणि फाइलींचा व्यवहार मंद राहिला. मे २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती जाहीर झाली आणि २०२० मध्ये ती विंडोज १० बरोबर आली. तिने दुभाषाच रजेवर पाठविला. एका हलक्या आभासी यंत्रात खराखुरा लिनक्स कर्नल विंडोजच्या शेजारी आणून बसविला. आता उत्तर देणारा स्वतः लिनक्सच असल्यामुळे गैरसमजाला जागा राहिली नाही. मात्र दोन कर्नलांमध्ये भिंत उभी राहिली, आणि तिच्यापलीकडील विंडोजच्या फाइलींना हात घालावयाचा म्हणजे व्यवहार पुन्हा मंदावू लागला.

८. उपसंहार

ह्या तीन मार्गांची तुलना केल्यास दुसऱ्या समजुतीचेही परीक्षण होते. लिनक्सची फाइल विंडोजच्या यंत्रावर चालविणे एवढाच हेतू असेल, तर २०२० नंतर सिग्विनचे प्रयोजन उरत नाही, हे मान्य केले पाहिजे. किंबहुना त्या हेतूसाठी ते पूर्वीही योग्य साधन नव्हते. परंतु सिग्विनचा हेतू तो नव्हताच. लिनक्सच्या परंपरेत लिहिलेल्या मजकुरापासून विंडोजचा प्रोग्राम निर्माण करणे हा त्याचा हेतू होता. असा प्रोग्राम विंडोजच्या प्रोसेसांच्या यादीत इतरांप्रमाणे दिसतो, विंडोजच्या फाइलींना भिंतीपलीकडून नव्हे तर थेट स्पर्श करतो, विंडोजच्या अधिकारव्यवस्थेत राहतो, आणि गरज पडल्यास विंडोजच्या सेवांनाही हाक मारतो. दुसऱ्या आवृत्तीतील लिनक्स उपप्रणाली ह्यांपैकी काहीही करू पाहत नाही. तिच्यात चालणारा प्रोग्राम अखेरपर्यंत लिनक्सचाच राहतो. परक्या भूमीत आपल्या भाषेची वसाहत करून राहणे वेगळे आणि त्या भूमीची भाषा आत्मसात करून राहणे वेगळे. पहिल्यात शुद्धता अधिक, दुसऱ्यात संबंध अधिक.

सिग्विनच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. फोर्कची किंमत त्याला कधीच फेडता आली नाही. प्रत्येक प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून देण्याचे काम थोड्या स्वयंसेवकांच्या खांद्यांवर राहिले. डिसेंबर २०२२ मधील ३.४ ह्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या विंडोजला त्याने निरोप दिला, आणि ज्या यंत्रांसाठी ते जन्मले ती यंत्रे त्याच्या कक्षेबाहेर गेली. तथापि पॉझिक्सची पहिली उपप्रणाली गेली, इंटेरिक्स गेली, दुभाषाची पद्धत मागे पडली. आणि हा पूल मात्र राहिला. ह्याचे कारण त्याच्या वेगात सापडणार नाही. त्याचा मूळ मजकूर खुला होता. एका कंपनीकडून दुसरीकडे गेला तरी तो बंद पडला नाही, आणि ज्यांना त्याची काही अंशी गरज होती त्यांनी त्याची शाखा काढून आपल्यापुरता तो चालविला.

इतिहासाच्या दृष्टीने आणखी एक निष्कर्ष निघतो. दोन प्रणाली वेगळ्या आहेत एवढे विधान करणे सोपे असते. त्या कोठे व किती वेगळ्या आहेत, ह्याची नोंद तोच करू शकतो ज्याने एकीचे प्रत्येक वाक्य दुसरीत उतरविण्याचा प्रयत्न केला. फोर्क, ओळीच्या शेवटचे चिन्ह, 'लाँग'ची लांबी, नावातील वर्ज्य अक्षरे ही त्या नोंदीची कलमे होत. लिनक्स कर्नल शेजारी आणून बसविल्यावर ह्या भेदांना सामोरे जाण्याची गरज उरत नाही, आणि जे टाळले जाते ते हळूहळू विस्मरणात जाते. विंडोज व युनिक्स ह्यांच्या तौलनिक व्याकरणाचा अभ्यास ज्यास करावयाचा असेल, त्याला सिग्विनच्या लायब्ररीचा मूळ मजकूर हे एक उघडे साधन आहे. कोणत्याही मानकापेक्षा त्यात अडचणी अधिक प्रामाणिकपणे नोंदविलेल्या आढळतील, कारण त्यातील प्रत्येक ओळ कोणत्या तरी न जुळलेल्या अर्थापायी लिहावी लागली आहे.